वाचकांचे प्रश्न : भाच्याला रग्बी लीगमध्ये जाऊ द्यावं का?

मागच्या अंकात गुडघ्याच्या दुखापतींवर लिहिताना एक उल्लेख ओझरता येऊन गेला होता. बडोद्यात परत येण्याआधी मी उत्तर इंग्लंडमधल्या एका रग्बी लीग क्लबात फिजिओथेरपिस्ट होते. (रग्बीचे दोन प्रकार: तेरा जणांची रग्बी लीग आणि मूळची, पंधरा जणांची रग्बी युनियन.) त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्याच खेळाला द्यायचं ठरवलं.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर बोल्टनला स्थायिक झाली. तिचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, लहानपणापासून रग्बी लीग खेळतो. आता एका व्यावसायिक क्लबाने त्याला अकादमीत घ्यायची तयारी दाखवली आहे. मेहुण्यांना तो इंजिनिअर व्हायला हवा आहे. आमचे वडील रोज फोनवर विचारतात, "हाडं मोडून घ्यायला पाठवताय का?" बहीण मला विचारते, मी तुम्हाला विचारते. या खेळात करिअर म्हणावं असं काही असतं का?
— एक मावशी, मांजलपूर

मावशी, असतं. आणि भाच्याला बोलावणं आलंय ही साधी गोष्ट नाही. बोल्टनच्या आजूबाजूला विगन, ली, वॉरिंग्टन, सेंट हेलेन्स ही सगळी या खेळाचीच गावं. तिथली निम्मी पोरं चालायला लागली की हातात तो लांबट चेंडू घेतात. त्यांच्यातून निवडला गेला म्हणजे पोरगा चांगला आहे, हे धरून चाला.

आता पुढचं स्पष्ट सांगते. पंधरा-सोळाच्या मुलांना क्लब स्कॉलरशिपवर घेतात, मग अठरापर्यंत अकादमी, आणि त्यानंतर थोड्याच मुलांच्या हातात पहिल्या संघाचा करार पडतो. काहींना खालच्या विभागातल्या क्लबाकडे उसने पाठवतात. बाकीच्यांना हंगामाच्या शेवटी ऑफिसात एकेकट्याला बोलावून निरोप देतात. दहा मिनिटांचं बोलणं असतं. मुलगा बाहेर येतो, बूट पिशवीत भरतो, आणि आठव्या वर्षापासून ज्या एका गोष्टीभोवती त्याचा दिवस फिरत होता ती संपलेली असते. अशा मुलाला बाहेर न्यायला आई गाडी घेऊन उभी असते, तिला काय बोलावं ते सुचत नाही. तुमच्या बहिणीने तयारी करायची ती या दिवसाची. मोडलेलं हाड सहा-आठ आठवड्यांत जुळतं.

म्हणून मी नेहमी म्हणते, मुलाच्या हाताला दुसरं काम हवंच. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, हा खेळ जन्मलाच त्या मुद्द्यावर. 1895 च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांची बैठक झाली आणि ते रग्बीच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले. भांडण कशावरून? खाणीत आणि गिरणीत काम करणारा खेळाडू शनिवारी सामना खेळायला आला की त्याची मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढीच मागणी होती. लंडनची सुखवस्तू मंडळी म्हणाली, पैसे घेऊन खेळणं आम्हाला मान्य नाही. ज्यांच्या घरी शनिवारच्या मजुरीवर चूल पेटत होती त्यांनी वेगळी चूल मांडली. पुढे 1898 मध्ये या नव्या संघटनेने खेळाडूला उघड पैसे द्यायला परवानगी दिली, तीही एका अटीवर: त्याला दुसरी रीतसर नोकरी असली पाहिजे. ती अट काही वर्षांनी गेली, पण त्यामागचं शहाणपण मला आजही पटतं.

सुपर लीग, म्हणजे तिथली या खेळाची सर्वांत वरची स्पर्धा, 1996 मध्ये सुरू झाली, खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात आला, टीव्हीचा पैसा आला आणि मोठे क्लब पूर्णवेळ झाले. पण मी ज्या क्लबात होते तो दुसऱ्या विभागातला. आमचे खेळाडू संध्याकाळी कामावरून थेट सरावाला यायचे. कोणी शाळेत शिक्षक, कोणी गोदामात, आणि एक प्रॉप (पुढच्या फळीतला धिप्पाड गडी) होता तो इलेक्ट्रिशियन. त्याच्या अंगठ्याला टेप लावायची तर आधी स्पिरिटने बोटं पुसावी लागायची, कारण भिंतीचं प्लास्टर खणून खणून चामडीत इतकी पांढरी धूळ बसलेली असायची की टेप चिकटायचीच नाही. दुखापत किती मोठी हे तो एकाच प्रश्नाने ठरवायचा: "उद्या स्क्रूड्रायव्हर धरता येईल ना?" सामना शनिवार-रविवारी. सोमवारी सकाळी शिडीवर चढायचं, कारण घराचा हप्ता त्या कामातून जात होता. त्याला मी कधी तक्रार करताना पाहिलं नाही. आणि त्याचा गुडघा गेला तेव्हा त्याच्या घरातली चूल विझली नाही.

करिअर किती वर्षांचं? तिशी ओलांडली की बहुतेकांचं शरीर साथ सोडू लागतं. ऑस्ट्रेलियातला कॅमेरॉन स्मिथ 2002 ते 2020 खेळला, एनआरएल या तिथल्या सर्वांत वरच्या रग्बी लीग स्पर्धेत 430 सामने. असा माणूस पिढीत एखादा. भाच्याचा हिशोब त्याच्यावर मांडू नका. अठराव्या वर्षी सुरू, बत्तिसाव्या वर्षी संपलं, तर ते उत्तम करिअर झालं, आणि पुढे तीस वर्षं नोकरीची उरली, असा मांडा. पैसा खेळाडूच्या नावावर असतो तसा क्लबाच्या मर्यादेवरही असतो. इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियातही एका क्लबाने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा यावर कमाल मर्यादा घातलेली आहे. फुटबॉलच्या आकड्यांची स्वप्नं कोणी दाखवत असेल तर ऐकू नका. ऑस्ट्रेलियात कमाई बरीच जास्त, इंग्लंडमध्ये चांगल्या खेळाडूलाही मध्यमवर्गीय घर नीट चालवता येईल अशी.

बहिणीला क्लबात जाऊन हे विचारायला सांगा. अकादमीसोबत कुठल्या कॉलेजात, कुठला अभ्यासक्रम, आणि सरावामुळे तास बुडाले तर कोण भरून देतं? लांबच्या दुखापतीत शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन कोणाच्या खर्चाने? करार न मिळालेल्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या मुलांचं पुढे काय झालं? या शेवटच्या प्रश्नाला ज्या क्लबात नावानिशी उत्तर मिळेल तो क्लब चांगला. तिथे रग्बी लीग केअर्स नावाची धर्मादाय संस्था आहे, खेळाडूंच्या शिक्षणाला आणि खेळ सुटल्यावरच्या नोकरीला मदत करते. तिचा पत्ता क्लबाकडूनच मिळेल. मेहुण्यांना म्हणावं, इंजिनिअरिंग सुटत नाहीये, त्याला वेळ थोडा जास्त लागेल.

"आपल्यातला कोणी तिथे गेलाय का?" हे वडील विचारतीलच. लीड्समध्ये वाढलेला इक्रम बट 1995 मध्ये इंग्लंडच्या रग्बी लीग संघाकडून खेळला. आईवडिलांचं मूळ आपल्या उपखंडातलं. पुढे ब्रिटनमधल्या आशियाई मुलांना रग्बीत आणण्यासाठी त्याने संघटना उभी केली. वाट अगदीच अनोळखी नाही. आणि घर शाकाहारी असेल तर त्याचीही काळजी नको. लीड्सकडून खेळलेला आयर्लंडचा प्रॉप अँथनी मुलॅली तर दूधही न घेणारा वीगन. डाळी, सोयाबीन, पनीर, दूध यांचं गणित आहारतज्ज्ञाकडून नीट बसवून घेतलं की झालं.

आमच्या पिढीने जुम्मादादा व्यायाम मंदिरात दंड-बैठका काढल्या, मल्लखांब केला. टीव्हीवर हे रग्बीवाले बघतो तर एकेक गडी दरवाजाएवढा. आपल्या चणीच्या मुलांनी या खेळाचं नावही काढू नये, असं माझं मत आहे. चूक असेल तर सांगावं.
— एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार

सर, नमस्कार. प्रॉपच्या जागेबद्दल तुमचं बरोबर. तिथे शंभर किलोच्या पुढचाच माणूस लागतो. पण संघात तेरा जण असतात आणि तेराही दरवाजे असले तर संघ हरेल. लीड्स रायनोजचा रॉब बरो 1 मीटर 65 सेंटिमीटरचा होता, म्हणजे आपल्या गर्दीत सहज हरवेल असा. 2001 ते 2017 तो एकाच क्लबाकडून खेळला आणि सुपर लीगची अंतिम लढत आठ वेळा जिंकला. लहान होता तेव्हा सगळ्यांनी तेच सांगितलं होतं जे तुम्ही म्हणताय. तो करत काय होता? समोरचा आडदांड गडी अंग वळवायच्या आत हा त्याच्या काखेखालून निघून गेलेला असायचा. 2019 च्या डिसेंबरात त्याला मोटर न्यूरॉनचा आजार झाल्याचं निदान झालं, 2024 च्या जूनमध्ये तो गेला. त्या साडेचार वर्षांत त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड त्याच्यासाठी सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला, आणि या आजाराच्या रुग्णांसाठी लोकांनी भरभरून पैसे दिले. संघ काय असतो हे मला त्या दोघांकडे बघून कळलं.

मल्लखांब केलेल्या मुलाची पकड, खांदा आणि पोटाचे स्नायू यांना तोड नाही, हे मी फिजिओ म्हणून सांगते. प्रो. माणिकरावांच्या परंपरेत व्यायाम आणि हाडं बसवणं एकाच छताखाली होतं. अंग घडवणाऱ्यालाच ते दुरुस्तही करता यावं, ही दृष्टी आजच्या मोठ्या क्लबांनी आता कुठे पैसे मोजून विकत घेतली आहे.

डोक्याला मार लागून खेळाडूंना पुढे विस्मरण होतं असं वाचलं. तुम्ही या खेळाचं इतक्या आपुलकीने लिहिता, पण हे खरं आहे का?
— एक डॉक्टर, रावपुरा

खरं आहे, आणि त्याबद्दल गप्प बसणं मला जमणार नाही.

2019 मध्ये ऑस्ट्रेलियात दोन माजी रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूत मृत्यूनंतरच्या तपासणीत सीटीई आढळला. वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा मेंदूचा हा ऱ्हास या खेळात सापडण्याची ती पहिलीच नोंद. ब्रिटनमध्ये अनेक माजी खेळाडू, कमी वयात विस्मरण सुरू झालेले, खेळाच्या संस्थांविरुद्ध न्यायालयात गेले आहेत. डॉक्टर, तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण वाचकांसाठी लिहिते: बेशुद्ध पडणं म्हणजेच मेंदूला मार, हा समज घातक आहे. बहुतेक वेळा खेळाडू उभाच असतो.

मैदानात धावत जाऊन आम्ही चार-पाच ठरलेले प्रश्न विचारायचो. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचे गुण कोणी केले? मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलो? एकदा आमच्या हुकरने (संघातल्या एका जागेवरच्या खेळाडूचं हे नाव) सगळ्यांची बरोबर उत्तरं दिली. मी पाण्याची बाटली उचलून निघणार तेवढ्यात त्याने विचारलं, "स्कोअर काय झालाय?" मी सांगितलं. दोन पावलं चालून परत तेच विचारलं. मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं. सामना दोन गुणांनी अडलेला, कोच माझ्यावर खूप चिडले. तोच निर्णय मी पुन्हा घेईन, कधीही घेईन.

नियम आता कडक झालेत. एनआरएलने 2023 पासून मेंदूला मार लागल्याचं निदान झालेल्या खेळाडूला किमान अकरा दिवस सक्तीने बाहेर ठेवायला सुरुवात केली. सामन्यात शंका आली की खेळाडूला आत नेऊन तपासतात, तोवर बदली खेळाडू येतो. धोका त्याने कमी होतो, संपत नाही. आई-वडिलांनी हे डोळे उघडे ठेवून स्वीकारायचं असतं. मुलाने घरी येऊन "प्रकाश सहन होत नाही", "पुस्तक वाचताना ओळ सुटते" असं म्हटलं तर त्या आठवड्यात सराव बंद. कोच काय म्हणतो ते नंतर ऐकता येईल.

ताई, मी विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळतो, डावा कोपरा. वजन 78 किलो. मोबाइलवर एनआरएल बघून वेडा झालोय. पकडच तर करायची आहे, ती मला येते. रग्बी लीगमध्ये कसा जाऊ?
— वसतिगृह, फतेगंज

अरे, तुझा उत्साह मला फार आवडला, म्हणून मोठं उत्तर देते.

आधी खेळ समजून घे. संघाला चेंडू मिळाला की सहा टॅकल मिळतात. तुला पाडलं, तू उठायचंस, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवायचास, की पुढचा डाव सुरू. सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्यांचा, म्हणून पाचव्यानंतर सहसा किक मारतात. प्रत्येक वेळी बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे पळायचं आणि तिथून पुन्हा पुढे यायचं. ऐंशी मिनिटं हेच. मधल्या जागेवर खेळणारा माणूस एका सामन्यात चाळीस टॅकल सहज करतो. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची, आणि प्रत्येक पकड तुझ्या वाट्याला येत नाही. तुझं पहिलं काम पकडीचं नाहीच, दमाचं आहे.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. कोपऱ्यावरचा गडी घोट्याला सूर मारतो तेव्हा चढाईवाला बहुधा मागे वळत असतो, मध्यरेषेकडे. त्याचं वजन तुझ्यापासून दूर जात असतं. रग्बी लीगमध्ये शंभर किलोचा माणूस दहा मीटरवरून धावत थेट तुझ्यावर येतो. घोट्याची सवय घेऊन तू खाली गेलास आणि डोकं त्याच्या गुडघ्यासमोर आलं तर मान जाईल. म्हणून शिकायचं ते हे: शेवटचं पाऊल त्याच्या अगदी जवळ टाकायचं, खांदा त्याच्या मांडीच्या वरच्या भागात, आणि डोकं नेहमी त्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला. नजर वर. मग दोन्ही हातांनी पाय आवळायचे आणि स्वतःचे पाय हलते ठेवायचे. आधी गुडघ्यांवर बसून, जोडीदार चालत येतोय असं करून बघ. आमच्याकडे अकादमीची मुलं महिनोन्महिने एवढंच करायची.

आता वाटेचं. बडोद्यातून रग्बी लीगच्या व्यावसायिक संघात जायची थेट वाट नाही. आपल्याकडे रग्बी इंडिया ही राष्ट्रीय संघटना रग्बी युनियन चालवते, त्यातही जोर सात जणांच्या सेव्हन्सवर आहे, जो 2016 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. 2025 च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची, तीही सेव्हन्सचीच. तुझ्या चपळाईच्या मुलाला तिथे जागा आहे. सेव्हन्समध्ये नाव झालं तर पुढचं बोलता येईल. कोणी "इंग्लंडच्या क्लबात ट्रायल लावून देतो, अमुक लाख भरा" म्हणालं तर फोन ठेवून दे. खरा क्लब ट्रायलसाठी खेळाडूकडून लाखो रुपये मागत नाही. आणि विद्यापीठाची परीक्षा दे. वर मावशींना लिहिलंय ते तूही वाच.

लीगमधला खेळाडू युनियनमध्ये जाऊ शकतो का?
— अकोटा

आता हो. 1995 पर्यंत युनियनमध्ये पैसे घेणंच वर्ज्य होतं आणि लीगमध्ये गेलेल्याला परत येताना दार बंद असायचं. त्या वर्षी युनियनने पैशांवरची बंदी उठवली आणि ये-जा सुरू झाली. विगनचा जेसन रॉबिन्सन लीगमधून युनियनमध्ये गेला आणि 2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने इंग्लंडसाठी ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले. पण प्रत्येकाला जमत नाही. युनियनमध्ये पडलेल्या माणसावर चेंडूसाठी झटापट चालूच राहते, लीगमध्ये खेळ थांबून पुन्हा सुरू होतो. अंगात मुरलेल्या सवयी बदलायला वेळ लागतो.

मी अकरावीत आहे. धावण्यात जिल्हास्तरावर खेळले आहे. मुलींसाठी हा खेळ आहे का? घरचे नको म्हणतात.
— वाघोडिया रोड

आहे, बाळा. ऑस्ट्रेलियात मुलींची एनआरएलडब्ल्यू 2018 मध्ये सुरू झाली आणि आता तिथल्या मुलींना करार मिळतात. इंग्लंडमध्ये अजून बऱ्याच जणी नोकरी सांभाळून खेळतात. आपल्या मुलींनी 2019 मध्ये सिंगापूरला 21-19 असं हरवलं, पंधरा जणींच्या रग्बीत भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. रग्बीत वेग शिकवता येत नाही, तो तुझ्याकडे आहे. बाकीचं शिकवता येतं.

घरच्यांना एकदम टक्करीचा खेळ दाखवू नकोस. टच रग्बीपासून सुरुवात कर, त्यात पाडायचं नसतं, फक्त हात लावायचा असतो. कोणालाही पाडायच्या आधी माझ्याकडे किंवा तुझ्या जवळच्या फिजिओकडे येऊन गुडघा आणि मान तपासून घे. मुलींमध्ये उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो आणि एसीएल (गुडघ्याच्या आतला अस्थिबंध) तुटायचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. उतरायची पद्धत आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून तीनदा केले तर तो बराच कमी होतो. येताना धावायचे बूट आणि जुनी काही दुखापत असेल तर तिचा एक्स-रे घेऊन ये. आईलाही आण, तिचे प्रश्न तिने स्वतः विचारलेले बरे. माउथगार्ड दंतवैद्याकडून दातांच्या मापाचा करून घे. तोवर दुकानातला गरम पाण्यात मऊ करून बसवायचा चालेल.